सत्ताविसाव्या वर्षी आवाज फुटला

पहिलं इंजेक्शन घेतलं ४ जून २०२२ ला. शनिवार होता, पाऊस अजून यायचा होता आणि पुण्यात नुसता घाम. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, म्हणजे पुरुषी हार्मोनचं औषध, २५० मिलीग्रॅम, एक मिलीचं छोटंसं ॲम्प्यूल, आत पिवळसर तेलकट औषध. तेलकट म्हणजे खरंच तेल, माझ्या इंजेक्शनमधलं औषध एरंडेल तेलात असतं, त्यामुळे सुई थोडी जाड लागते आणि सावकाश टोचावं लागतं. सिस्टरनी ॲम्प्यूल मुठीत धरून जरा कोमट केलं, कंबरेखाली टोचलं आणि म्हणाल्या, झालं, बसा पाच मिनिटं. मला वाटत होतं काहीतरी मोठं वाटेल. वाटलं ते एवढंच की रूमवर जाताना जिना चढताना उजव्या बाजूला चमक भरली आणि दोन दिवस तिथे गाठ लागत होती हाताला.

आता साडेतीन वर्षं होतील. सुरू करायच्या आधी मी जे काही वाचलं-बघितलं ते सगळं इंग्रजीत, बाहेरच्या देशातल्या मुलांचं, आणि मराठीत कुणी सांगेल असं कुणी भेटलंच नाही. तृतीयपंथी म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, मुलगी म्हणून जन्माला आलेला पुरुष असतो हे तर अर्ध्या लोकांना सांगून पण पटत नाही. म्हणून मला जे झालं ते जसं झालं तसं लिहितोय. माझा डोस, माझे महिने हे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील, आणि हे औषध डॉक्टरशिवाय, रक्त तपासल्याशिवाय कृपया कुणी घेऊ नका. मित्राच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून टोचून घेणारी मुलं मी बघितलीयत, त्यातल्या एकाचं रक्त इतकं घट्ट झालं होतं की ॲडमिट करावं लागलं.

सुरू व्हायच्या आधी सायकियाट्रिस्टच्या बऱ्याच बैठका झाल्या, मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. त्यांनी आधी सीबीसी, लिव्हर, कोलेस्ट्रॉल, शुगर, हार्मोन, सोनोग्राफी, प्रेग्नन्सी टेस्ट सगळं करून घेतलं आणि मग एका कागदावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं औषध थांबवलं तरी परत न जाणारं, म्हणजे आवाज, दाढी-मिशी, खालची वाढ, डोक्यावरचे केस गेले तर ते. उजव्या बाजूला परत फिरणारं, म्हणजे पाळी, चरबी कुठे साठते ते, स्नायू, मुरमं. आणि मूल होण्याचं त्यांनी रेघेवरच लिहिलं, कारण ते नक्की इकडे की तिकडे सांगता येत नाही, म्हणून आधीच विचारलं की बीजं काढून ठेवायचीत का. मी नको म्हणालो पण लगेच नाही, पंधरा दिवस घेतले. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवलाय. ज्या कुणाला सुरू करायचंय त्याने ही रेघ आधी नीट समजून घ्यावी असं मला फार मनापासून वाटतं, कारण यातलं निवडून घेता येत नाही. आवाज हवाय पण टक्कल नको, असं चालत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत बाहेरून काहीच दिसलं नाही. आतून मात्र भूक. सकाळी चार चपात्या खाऊन अकराला परत पोटात खड्डा. आणि अंग गरम, पुढे थंडीत पण मी पंखा लावून झोपायचो, रूममेट वैतागायचा. घामाचा वास बदलला, लघवीचा पण बदलला, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि मला वाटलं इन्फेक्शन झालं. इन्फेक्शन नव्हतं, ते तसंच होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाली बदल सुरू झाला. लाजायचं काही कारण नाही म्हणून सरळ लिहितो, क्लिटोरिस वाढतं. आमच्यात त्याला बॉटम ग्रोथ म्हणतात. साधारण एक ते तीन सेंटीमीटर, कुणाला कमी कुणाला जास्त, आणि वर्ष-दोन वर्षांत जे व्हायचं ते होऊन थांबतं. सुरुवातीला इतकं हुळहुळं असतं की जीन्स घालून बाइकवर बसणं नको वाटायचं, मी दीड महिना ढगळ कॉटनच्या पँटीच घातल्या. शरीराची इच्छा पण एकदम वाढते, दिवसातून कितीतरी वेळा, आणि ते मनात आणून होत नाही, आपोआप होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. चार-सहा महिन्यांनी ते निवळलं. दुसऱ्या वर्षात मात्र उलटा त्रास, योनीमध्ये कोरडेपणा आणि कधीकधी ओटीपोटात कळ. बरीच मुलं हे डॉक्टरला सांगतच नाहीत, कारण तो अवयव आपला आहे असं म्हणायलाच त्रास होतो. मी पण सहा महिने गप्प बसलो. शेवटी सांगितलं तर त्यांनी तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, त्याने आराम पडला आणि आवाज-दाढीवर काही परिणाम झाला नाही. सांगा डॉक्टरला, एवढंच.

मुरमांनी खरा पिच्छा पुरवला. दुसऱ्या महिन्यापासून तोंड सतत तेलकट आणि पाठीवर तर इतकी की खुर्चीला टेकता येईना. आई फोनवर म्हणायची उष्णता झाली, सब्जा घे. घेतला सब्जा. त्वचेच्या डॉक्टरांनी बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं, त्याने फरक पडला पण एक लक्षात ठेवा, त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, माझा निळा टॉवेल चट्ट्यापट्ट्यांचा झाला. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मागायच्या असतील तर त्वचेच्या डॉक्टरला आपण ट्रान्स आहोत आणि आपल्याला गर्भाशय आहे हे सांगणं भाग आहे, त्या गोळ्यांनी गर्भाला व्यंग येतं. आणि त्याच अनुषंगाने, टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद झाली तरी दिवस जाऊ शकतात, आणि तेव्हा हे औषध चालू ठेवता येत नाही.

पाळी माझी चौथ्या महिन्यात थांबली. आधी नुसते डाग, मग काहीच नाही. महिन्याचे ते दिवस माझ्यासाठी काय होते ते मी इथे लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. दुसऱ्या वर्षी एकदा इंजेक्शनचा स्टॉक सगळीकडे संपला होता, मला जवळपास तीन आठवडे उशीर झाला आणि एक दिवस ऑफिसच्या बाथरूममध्ये रक्त दिसलं. मी तिथेच खाली बसलो. तेव्हापासून एक ॲम्प्यूल कायम जास्तीचं ठेवतो.

आता आवाज. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे मुली पण बोलताना "मी आलो", "मी जेवलो" असंच म्हणतात, सगळ्याच, माझी ताई पण. त्यामुळे लहानपणी मी "गेलो, आलो" म्हणत वाढलो आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही. अठराव्या वर्षी पुण्यात कॉलेजला आलो आणि पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एकीने हसून सांगितलं, आलो नाही गं, आले म्हण. तोपर्यंत मला माझ्याबद्दल जे काही वाटायचं त्याला शब्द नव्हता, पण त्या दिवशी "आले" म्हणताना घशात जे अडकलं ते मी विसरलेलो नाही. नऊ वर्षं मी पुण्यात वाक्यं अशी फिरवून बोललो की क्रियापद लागूच नये, "माझं येणं झालं", "जेवण झालं माझं".

आणि काम मिळालं ते फोनवर बोलायचं. इन्शुरन्सची हेल्पलाइन, मराठी-हिंदी कस्टमर, दिवसाला ऐंशी-नव्वद कॉल, आणि प्रत्येक कॉलमध्ये मॅडम.

इंजेक्शनला सात-आठ आठवडे झाले आणि घसा खवखवायला लागला. सर्दी वाटली, हळद-दूध घेतलं. मग बोलता बोलता आवाज मध्येच वर उडायचा, मध्येच चिरकायचा, सकाळी एकदम खोल आणि संध्याकाळी गेलेलाच. मराठीत आवाज फुटला म्हणतात ना, शब्द अगदी बरोबर आहे, आतून खरंच काहीतरी फुटतंय असं वाटतं. औषधाने स्वरतंतू जाड होतात म्हणून सूर खाली जातो, पण वयात येणाऱ्या मुलाचा कंठ जसा पूर्ण वाढतो तसा आपला वाढत नाही, कूर्चा तोवर घट्ट झालेली असते. म्हणून काही जणांना घसा आवळल्यासारखं, कोंडल्यासारखं वाटत राहतं. मला वाटायचं. मी मुद्दाम जोर देऊन खालच्या पट्टीत बोलायचो, लवकर जाड व्हावा म्हणून, आणि ती माझी चूक होती. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की ढकलू नको, पोटातून श्वास घे आणि पाणी पी. घट्ट बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालतात ते, घालून आठ-नऊ तास बोललं तर श्वास पुरणारच नाही हे पण त्यांनीच दाखवून दिलं, मग मी शिफ्टमध्ये एक साइज मोठा घालायला लागलो.

ऑफिसमध्ये ते चार महिने वाईट गेले. कस्टमर विचारायचे तुम्ही कोण बोलताय, फोन कुणी दुसऱ्याने घेतला का, आणि एकदा तर एका आजोबांनी फ्रॉड समजून फोन ठेवला. क्वालिटीवाले मार्क कापायचे, "आवाजात स्पष्टता नाही" म्हणून. टीम लीडला मी खरं सांगितलं होतं तरी मार्क काही परत मिळाले नाहीत, त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह गेला. मग नोव्हेंबरच्या शेवटी कधीतरी एका बाईंनी क्लेमचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, थँक्यू हां दादा. मी म्यूट दाबून दोन मिनिटं नुसता बसलो.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गणपती बसले, मी घरी गेलो होतो. आमच्याकडे आरतीला मी आणि ताई वरच्या पट्टीत उचलायचो, बाकीचे मागून. त्या दिवशी सुरुवात केली आणि वरचा सूर लागलाच नाही, नुसती हवा आली. दोन-तीन वेळा प्रयत्न केला. मग गप्प उभा राहिलो आणि टाळ वाजवत राहिलो. हे पण सांगायला हवं, की जो आवाज नको होता तो गेला तरी त्यातलं एक गाणं माझं होतं, ते पण गेलं. त्याचं दुःख झालं आणि दुःख झालं म्हणजे निर्णय चुकला असं नाही. पुढच्या वर्षी बाबांच्या शेजारी उभा राहून त्यांच्या पट्टीत म्हणलं, तिथे सूर सापडला. साधारण सव्वा वर्ष लागलं आवाज स्थिर व्हायला.

ताकदीचं लोक फार विचारतात. सहा-सात महिन्यांनी जाणवलं, सिलेंडर भरलेला साधारण तीस किलोचा असतो, तो मी आधी घसटत न्यायचो, एक दिवस उचलून किचनमध्ये ठेवला आणि मग लक्षात आलं की उचलला. पण स्नायू जितक्या पटकन वाढतात तितक्या पटकन त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन तयार होत नाहीत. मी जिममध्ये वजन भराभर वाढवलं आणि कोपर तीन महिने धरून बसलो. वजन ५४ चं ६१ झालं, कंबर भरली, मांड्या-नितंब थोडे उतरले, गालाची गोलाई गेली, हाताच्या शिरा दिसायला लागल्या. चरबी हलायला मात्र दोन ते पाच वर्षं लागतात, सहा महिन्यांत आरशासमोर रडू नका.

आणि काय बदलत नाही ते पण ऐका. उंची नाही वाढत, विशीनंतर हाडं लांब होत नाहीत, मी होतो तेवढाच आहे, पाच फूट दोन इंच. कमरेचं हाड तेच. छाती जात नाही, थोडी सैल पडते इतकंच, बाकीचं सर्जरीशिवाय होत नाही. माझी अजून व्हायचीय, पैसे जमवतोय. आणि मनातली जुनी उदासी इंजेक्शनने आपोआप जात नाही, माझं काउन्सेलिंग अजून चालू आहे.

रडण्याचं विचित्र आहे. आधी मला पटकन रडू यायचं, आता गळ्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. राग जास्त येतो असं म्हणतात, मला तसा नाही आला, पण इंजेक्शनच्या आधीचे तीन-चार दिवस चिडचिड, थकवा, कशातच लक्ष नाही असं व्हायचं. दर तीन आठवड्यांनी एक मोठा डोस म्हणजे आधी चढ मग उतार, त्याचं ते. पुढे डॉक्टरांनी डोस तोडला, अर्धा अर्धा करून दर दहा-अकरा दिवसांनी, तेव्हा ते बरंच सपाट झालं.

डोस तोडायचं खरं कारण रक्त होतं. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात. माझं हिमोग्लोबिन आयुष्यभर दहा-साडेदहा, ते १६ च्या वर गेलं, आधी मी खूश. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, ५२ आलं, आणि ५४ च्या वर गेलं की औषध कमी करावं किंवा थांबवावं लागतं, गुठळी व्हायची भीती असते. डोस तोडला, पाणी वाढवलं आणि सिगरेट सोडली, कारण सिगरेटने पण तो आकडा वाढतो. आता ४७-४८ च्या आसपास असतो. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, आता वर्षातून दोनदा. लॅबचा एक घोळ सगळ्यांना येतो, आधारवर स्त्री असेल तर रिपोर्ट बायकांच्या रेंजने छापतात आणि हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, टेस्टोस्टेरॉन सगळ्यापुढे लाल रंगात "जास्त" येतं. पहिल्यांदा बघून माझी तर झोप उडाली होती. डॉक्टरांनी पुरुषांच्या रेंजशी लावून दाखवलं, टेस्टोस्टेरॉन दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्ये तपासायचं आणि ते साधारण ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये असलं की ठीक. रक्त कुठल्या दिवशी दिलं ते रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवत जा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

एक गोष्ट मला त्या काळात फार धीर देऊन गेली. मायकल डिलन नावाचे एक इंग्रज होते, माझ्यासारखेच मुलगी म्हणून जन्माला आलेले, त्यांनी १९३९ मध्ये टेस्टोस्टेरॉन घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे हे औषध प्रयोगशाळेत तयार व्हायला लागून जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढे ते डॉक्टर झाले, मग वर्तमानपत्रांनी त्यांची गोष्ट चव्हाट्यावर आणली तेव्हा भारतात आले, बौद्ध भिक्खू झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. आपण पहिले नाही आणि हे खूळ कालपरवाचं नाही, हे मला आईला सांगता आलं.

केसांना सगळ्यात जास्त धीर लागतो. आधी पोटावर आले, मग मांड्यांवर, मग हातावर दाट झाले. आठव्या महिन्यात मिसरूड फुटलं, तेही अगदी उजेडात बघितलं तरच. हनुवटीवर दीड वर्षाने, गालावर अजून जागा रिकामी आहे, पूर्ण दाढी यायला चार-पाच वर्षं लागतात आणि ती किती येईल ते घराण्यावर. सारखं वस्तरा फिरवून दाढी दाट होत नाही, मी करून बघितलंय, फक्त कापून घेतलं. आणि घराण्याचं म्हणाल तर बाबांचं कपाळ मागे गेलेलं आहे, माझं पण दोन्ही कोपऱ्यांत जायला लागलंय. डॉक्टरांच्या रेघेच्या डाव्या बाजूला ते होतंच.

आईला अजून जिभेवर जुनं येतं. फोनवर सुरुवात "अगं" ने होते, मग थांबते आणि "अरे" म्हणते, आणि त्या थांबण्यात ती किती प्रयत्न करतेय ते मला दिसतं, म्हणून मी काही बोलत नाही.

मागच्या वर्षी ताईच्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं. आमच्याकडे मूल मामाच्या मांडीवर बसवून काढतात. दाजींच्या घरचे म्हणाले चुलत मामाला बोलवू, उगाच चर्चा नको. ताई माझ्याकडे बघत होती आणि मी खाली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सख्खा मामा असताना दुसऱ्याला कशाला बसवायचं?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मी पाटावर बसलो, बाळाला मांडीवर घेतलं, ते रडायला लागलं तसं एका हाताने त्याचं डोकं धरलं. त्याचे मऊ बारीक केस सगळे माझ्या हातावर पडत होते आणि माझ्या हातावरच्या केसांत अडकत होते, संध्याकाळपर्यंत निघत होते.